वनस्पतिज डिंकांचे रूपांतरण आणि कापडछपाईची खळ : प्रस्तावना

कापड रंगवणे आणि कापड छापणे या दोन क्रियांत रंजक तेच असते, तंतू तोच असतो आणि रंजक तंतूत बसण्याची रासायनिक प्रक्रियाही बहुतांशी तीच असते. फरक एवढाच की रंगवताना सगळे कापड रंगाच्या पाण्यात बुडते, तर छापताना रंगाला नेमून दिलेल्या जागेत थांबावे लागते. असे थांबणे पाण्याच्या स्वभावात नाही. सुती धाग्यातील तंतूंमधल्या अतिसूक्ष्म फटी पाणी सर्व बाजूंना ओढून घेतात, आणि केशाकर्षण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ओढीमुळे रंजकाच्या साध्या द्रावणाने काढलेली रेघ क्षणार्धात फुटून पसरते. ही ओढ रोखण्यासाठी रंजकाच्या द्रावणात जो पदार्थ मिसळून ते दाट करतात, त्याला कारागिरांच्या बोलण्यात खळ किंवा डिंक म्हणतात आणि गिरण्यांच्या छपाई खात्यात थिकनर हे नाव रूढ आहे. छटेचा उठाव, रेघेची धार, मोठ्या भरीव जागेतील रंगाचा एकसारखेपणा हे सारे मोठ्या प्रमाणात या पदार्थावर अवलंबून असते, आणि तरीही काम संपल्यावर त्याने कापडातून पूर्णपणे निघून जावे अशी अपेक्षा असते. वनस्पतींपासून मिळणाऱ्या डिंकांच्या रेणूंत रासायनिक किंवा अन्य उपायांनी बदल घडवून त्यांना या कामास योग्य करणे हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

थिकनरकडून नुसता दाटपणा पुरेसा नसतो. स्क्रीनच्या छिद्रांतून लेप ढकलला जात असताना स्क्वीजीच्या पात्याखाली त्याच्यावर तीव्र घर्षण होते. त्या क्षणी लेपाने पातळ होऊन छिद्रातून सहज उतरावे आणि कापडावर पोहोचताच पुन्हा दाट होऊन जागच्या जागी बसावे लागते. श्यानता म्हणजे वाहण्याला द्रवाच्या आतूनच होणारा विरोध, आणि घर्षण वाढताच ती घटण्याच्या गुणाला स्यूडोप्लास्टिक प्रवाह म्हणतात. लांब साखळीच्या रेणूंची बहुतेक द्रावणे असेच वागतात, कारण शांत अवस्थेत एकमेकींत गुंतलेल्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढल्या गेल्या की सरळ होऊन एकमेकींवरून घसरू लागतात. साखळ्या पुन्हा गुंतण्यास किती अवधी लागतो यावर छपाईचे रूप ठरते: तो अवधी फार लांबला तर लेप रेघेच्या कडेबाहेर सरकतो, आणि अजिबात मिळाला नाही तर जाळीच्या छिद्रांचे वण भरीव जागेवर तसेच राहतात. त्यानंतर छापून वाळवलेले कापड १०० अंश सेल्सिअसपेक्षा किंचित अधिक तापमानाच्या वाफेत काही मिनिटे ठेवले जाते. वाफेतील ओलावा वाळलेल्या लेपाच्या पापुद्र्यात शिरून तो फुगतो, रंजक विरघळते आणि पापुद्र्यातून तंतूत उतरते. पापुद्रा जाड व घट्ट असेल तर रंजक त्यातच अडकून पडते, आणि त्याने गरजेपेक्षा जास्त ओलावा धरला तर इतका वेळ जपलेली रेघ वाफेत फुटते. शेवटी धुलाई येते, आणि तेथे हाच पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळून वाहून गेला नाही तर कापड हाताला कडक लागते व रंग मळकट दिसतो. थिकनरची खरी परीक्षा धुलाईच्या हौदात होते, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असून रूपांतरणाच्या प्रत्येक पद्धतीकडे याच दृष्टीने पाहिले आहे. या क्षेत्रातील पुष्कळ लेखन खळ किती दाट झाली यावरच थांबते, आणि ती मोठी उणीव आहे.

या पदार्थाचा इतिहास छपाईच्या इतिहासाइतकाच जुना आहे. कच्छमधील धमडका आणि २००१ च्या भूकंपानंतर वसलेले अजरखपूर येथील खत्री कारागीर चुना व बाभळीचा डिंक यांच्या लेपाने कापडावरील पांढऱ्या जागा राखतात, आणि लोखंड व गूळ आंबवून केलेल्या द्रावणात चिंचोक्याचे पीठ शिजवून काळी रेघ छापतात. तुरटीचे लाल रंगासाठीचे रंगबंधक, म्हणजे रंजकाला तंतूशी जोडून देणारे द्रव्य, हेही अशाच खळीतून छापले जाते. युरोपात अठराव्या शतकात सुती छपाई वाढली तेव्हा तिला लागणारा डिंक प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल नदीच्या उत्तरेकडील बाभूळवर्गीय झाडांपासून येत असे, आणि त्या व्यापारावर ताबा मिळवण्यासाठी फ्रेंच, डच व ब्रिटिश यांच्यात दीर्घकाळ चुरस चालली. १७५८ मध्ये ब्रिटिशांनी सेंट लुई हे फ्रेंच ठाणे जिंकले त्यामागे डिंकाच्या पुरवठ्याचा विचार प्रमुख होता. पुढे स्टार्च कोरडा भाजून केलेला ‘ब्रिटिश गम’ छपाईत आला. वनस्पतिज पदार्थाच्या साखळ्या उष्णतेने तोडून त्याला छपाईयोग्य करण्याचे ते आरंभीचे औद्योगिक उदाहरण म्हणावे लागेल.

आधुनिक काळात या विषयाला खरी कलाटणी रंजकांनी दिली. १९५६ साली ब्रिटनमधील आयसीआय कंपनीने ‘प्रोसिऑन’ या नावाने विक्रियाशील रंजके बाजारात आणली. ही रंजके अल्कलीच्या सान्निध्यात सुती तंतूच्या सेल्युलोजमधील हायड्रॉक्सिल गटांशी, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीशी, थेट रासायनिक बंध जोडतात आणि म्हणूनच धुतल्यावर टिकतात. अडचण अशी की स्टार्च काय, डिंक काय, हे सारे बहुशर्करा वर्गातले, म्हणजे साखरेच्या शेकडो-हजारो घटकांच्या साखळीने बनलेले पदार्थ आहेत आणि सेल्युलोजप्रमाणेच त्यांच्यातही हायड्रॉक्सिल गटांची रेलचेल असते. विक्रियाशील रंजकाला तंतू कोणता आणि खळ कोणती हे कळत नाही. ते दोघांशीही जोडले जाते; खळीशी जोडलेले रंजक वाया जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे रंजकाने बांधली गेलेली खळ धुलाईत सुटत नाही. या प्रश्नावर तपकिरी सागरी शैवालांपासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटने उत्तर दिले. त्याच्या साखळीतील प्रत्येक घटकाच्या सहाव्या कार्बनवर, जेथे सर्वांत चपळ असा प्राथमिक हायड्रॉक्सिल गट असायचा, तेथे कार्बॉक्सिल हा आम्लगट असतो. त्यावरचा ऋण विद्युतभार रंजकाच्या ऋणभारित रेणूला दूर सारतो. विक्रियाशील छपाईत अल्जिनेट हाच मानदंड ठरला आणि आजही प्रत्येक नव्या थिकनरची तुलना त्याच्याशीच केली जाते. मात्र भारताला लागणारे अल्जिनेट बव्हंशी आयात करावे लागते, त्याची किंमत अधिक असते, आणि कठीण पाण्यातील कॅल्शियमने त्याची खळ गोठते, म्हणून कॅल्शियमला बांधून ठेवणारी द्रव्ये तिच्यात घालावी लागतात.

अल्जिनेटमध्ये निसर्गाने जे केले, ते भारतीय शेतातल्या आणि माळरानावरच्या बियांच्या बाबतीत रसायनशास्त्राने करून दाखवावे, हा रूपांतरणामागचा मूळ विचार आहे. येथे स्रावजन्य आणि बीजजन्य असे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. बाभूळ, धावडा, कांडोळ यांच्या खोडांतून पाझरणारे डिंक पहिल्या प्रकारात मोडतात. त्यांची प्रत झाडागणिक व ऋतूगणिक बदलते, ते वेचण्यासाठी रान तुडवावे लागते, आणि कांडोळासारख्या झाडाला अविचाराने खोल खाचा पाडल्याने झाडेच मरतात. औषध व खाद्य उद्योग त्यांना छपाईपेक्षा चांगला भाव देतात, तेव्हा या ग्रंथात त्यांचा विचार थोडक्यात केला आहे. बीजजन्य पदार्थ म्हणजे बियांत अंकुरासाठी साठवलेल्या बहुशर्करा, आणि ग्रंथाचा मुख्य भर त्यांच्यावर आहे.

त्यांतील गवार सर्वांत परिचित आहे. जगातील गवारीच्या उत्पादनाचा सुमारे चार-पंचमांश वाटा भारताचा असून त्यातही राजस्थान अग्रेसर आहे, आणि बियांपासून डिंक काढण्याच्या उद्योगाचे मोठे केंद्र जोधपूर येथे आहे. गवारीच्या डिंकातील रेणूचा कणा मॅनोज या साखरेचा असतो आणि त्याच्या साधारण दर दुसऱ्या घटकावर गॅलॅक्टोज या साखरेचा एकेक घटक फणीच्या दातासारखा बाजूला निघालेला असतो. हे दात साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाहीत, मध्ये पाणी सहज शिरते आणि डिंक गार पाण्यातही विरघळतो. दात कमी झाले की हे चित्र बदलते. भूमध्य समुद्राभोवतालच्या कॅरोब झाडाच्या बियांत मॅनोजच्या चार घटकांमागे गॅलॅक्टोजचा एकच घटक असतो आणि त्या डिंकाला गरम पाणी लागते; पावसाळ्यात महाराष्ट्रभर उगवणाऱ्या आणि कोवळेपणी भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या टाकळ्याच्या बियांत हे प्रमाण पाचास एक इतके विरळ असते, त्यामुळे त्या साखळ्या परस्परांना बिलगून राहतात आणि गार पाण्यात डिंक नीट विरघळत नाही. म्हणजे ज्या टाकळ्याला शेतकरी तण समजून उपटतो, त्याच्या बियांतला डिंक कच्च्या रूपात छपाईला कुचकामी ठरण्याचे कारण साखळीवरच्या फांद्यांची विरळता एवढेच आहे, आणि बाहेरून योग्य गट जोडून ती उणीव भरून काढता येते.

चिंचोक्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आणि अधिक उद्बोधक आहे. महाराष्ट्रात चिंचोक्याची खळ नवी नाही. धनगरी घोंगडीला ताठपणा देण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि चिंच फोडून गर वेगळा केल्यावर उरणारा चिंचोका टरफल काढून दळला की ताग आणि सूत यांच्या गिरण्यांत ताण्याला खळ देण्यास उपयोगी पडतो, हेही फार पूर्वी लक्षात आले. या पिठात साधारण ५५ ते ६५ टक्के बहुशर्करा असते. उरलेल्या भागात प्रथिने १५ ते २० टक्के आणि तेल ६ ते ८ टक्के असते. छपाईत प्रथिने फेस आणतात, खळ लवकर नासवतात आणि कापडाच्या पांढऱ्या भागाला पिवळसर झाक देतात, म्हणून शुद्धीकरण हे चिंचोक्याच्या बाबतीत रूपांतरणाइतकेच महत्त्वाचे ठरते. मुख्य प्रश्न मात्र बहुशर्करेच्या रचनेतच आहे. झायलोग्लुकॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेणूचा कणा ग्लुकोजचा असून तो सेल्युलोजच्या कण्यासारखाच आहे. त्यातील चारपैकी सुमारे तीन घटकांवर झायलोज ही साखर आणि तिच्यातल्या काहींवर पुढे गॅलॅक्टोज जोडलेले असते. कणा सेल्युलोजचा असल्यामुळे या रेणूला सुताची स्वाभाविक ओढ आहे. ताण्याला खळ देताना हीच ओढ उपकारक ठरते, कारण खळ धाग्याला घट्ट धरून राहते; छपाईत तीच बाधते, कारण धुलाईत सुटून जाणे हे थिकनरचे कर्तव्य आहे आणि सुताला बिलगलेला रेणू ते पार पाडत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच रचनेत एक सुप्त सोयही आहे. कण्यातील बहुतेक ग्लुकोजांचे सहावे स्थान झायलोजने आधीच व्यापलेले असते आणि झायलोजच्या घटकात प्राथमिक हायड्रॉक्सिल गट नसतो, तेव्हा विक्रियाशील रंजकाने झडप घालावी अशा जागा चिंचोक्यात गवारीच्या मानाने बऱ्याच कमी असतात. चिंचोक्याकडे केवळ स्वस्त भर म्हणून पाहणाऱ्या व्यवहारी दृष्टीला ही गोष्ट दिसत नाही, आणि म्हणूनच तिची येथे विस्ताराने नोंद घेणे अगत्याचे वाटते.

रूपांतरणाचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. पहिला साखळी तोडण्याचा. कच्च्या गवारीची एक टक्का खळसुद्धा हजारो सेंटिपॉइझ श्यानतेची होते; छपाईच्या लेपात तिचे अगदी थोडे प्रमाण चालते आणि त्यामुळे कापडावर उरणारा घनांश, म्हणजे पाणी उडाल्यावर राहणारा कोरडा भाग, अपुरा पडून भरीव जागा एकसारख्या उठत नाहीत. आम्ल, ऑक्सिडीकारक, एंझाइम किंवा गॅमा किरण यांनी साखळ्या आखूड केल्या की तितक्याच श्यानतेत अधिक घनांश बसवता येतो. आखूड किती करावे याला मात्र मर्यादा आहे, कारण घनांश फार वाढला तर पापुद्रा जाड होऊन रंजकाची वाट अडवतो. दुसऱ्या मार्गाकडे शेवटी वळू. तिसरा मार्ग कलम बांधण्याचा आहे: डिंकाच्या साखळीवर ॲक्रिलामाइडसारख्या कृत्रिम द्रव्याच्या साखळ्या वाढवतात आणि त्यासाठी सेरियमच्या क्षारांचा उपयोग केला जातो. प्रयोगशाळांत या मार्गावर पुष्कळ काम झाले असले तरी छपाई खात्यात त्याचा शिरकाव त्या मानाने कमीच आहे, आणि न जोडलेले विषारी ॲक्रिलामाइड मागे उरण्याचा धोका पाहता घाई करण्याचे कारणही दिसत नाही.

सर्वांत फलदायी ठरला तो दुसरा मार्ग, नवे गट जोडण्याचा, आणि त्यातही कार्बॉक्सिमिथिलीकरण. अल्कोहोल व थोडे पाणी यांच्या मिश्रणात डिंकाचे पीठ भिजवून त्याला कॉस्टिक सोडा देतात, आणि मग मोनोक्लोरोॲसिटिक आम्लाशी किंवा त्याच्या सोडियम क्षाराशी त्याची विक्रिया घडवतात. हायड्रॉक्सिल गटांवर कार्बॉक्सिमिथिल गट बसतात. ऋणभारित झालेल्या साखळ्या परस्परांना दूर ढकलतात, त्यामुळे टाकळा व चिंचोका दोन्ही गार पाण्यात विरघळू लागतात, चिंचोक्याची सुताबद्दलची ओढ ओसरते आणि ऋणभारित रंजकाशी अंतर राखले जाते. एकाच विक्रियेतून तीन दोष कमी होतात. याउलट इथिलीन ऑक्साइडने हायड्रॉक्सिइथिल गट जोडले तर विद्राव्यता वाढते, पण प्रत्येक नव्या गटाच्या टोकाला पुन्हा एक प्राथमिक हायड्रॉक्सिल येऊन बसतो, आणि विक्रियाशील रंजकांपुरता तो मार्ग निरर्थक ठरतो. प्रोपिलीन ऑक्साइडने येणारा टोकाचा गट दुय्यम, म्हणून थोडा मंद असतो. पॉलिएस्टरवरच्या डिस्पर्स रंजकांच्या छपाईत हा प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण ती रंजके खळीशी बंध जोडत नाहीत, आणि म्हणून तेथे गवार व चिंचोका यांची रूपांतरित चूर्णे मोठ्या प्रमाणावर रुळली आहेत.

प्रतिस्थापनाची मात्रा, म्हणजे साखरेच्या एका घटकावर सरासरी किती गट जोडले गेले याचा आकडा, संशोधनपर लेखनात वारंवार आढळतो. गवारीच्या रेणूत घटकामागे सरासरी तीन हायड्रॉक्सिल गट असल्याने हा आकडा कार्बॉक्सिमिथिल गटांपुरता तीनच्या पुढे जाऊ शकत नाही. वाचकाने येथे सावध असावे. हा आकडा सरासरीचा आहे. एका नमुन्यात गट सर्व साखळ्यांवर सारखे विखुरलेले असतील, तर दुसऱ्यात काही साखळ्या गटांनी भरलेल्या आणि काही जवळपास कच्च्याच राहिलेल्या असतील. दोन्हींची मात्रा एकच येईल, पण दुसऱ्या नमुन्यातले कच्चे कण स्क्रीनची छिद्रे बुजवतील आणि कापडावर ठिपके आणतील. विक्रियेपूर्वी पिठात अल्कली कितपत सारखी मुरली, यावर हे अवलंबून असते. कारखान्यातील अनुभवी माणूस ही गोष्ट पीठ हातात घेऊन ओळखतो, परंतु छापील अहवालांत ती क्वचितच नोंदवलेली असते.

नैसर्गिक मूळ असलेला पदार्थ म्हणजे निर्धोक पदार्थ, असा समज या क्षेत्रात सहज पसरतो आणि त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे. मोनोक्लोरोॲसिटिक आम्ल अत्यंत विषारी व दाहक असते. विक्रियेत त्याचा काही भाग वाया जाऊन सोडियम ग्लायकोलेट बनते, आणि खेरीज मीठ तयार होते. हे दोन्ही पदार्थ अल्कोहोलने धुऊन काढणे खर्चाचे असल्यामुळे साध्या प्रतीच्या मालात ते तसेच राहतात, आणि ऋणभारित साखळ्यांच्या खळीला मीठ पातळ करते. सायनोइथिलीकरण या गट जोडण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीसाठी लागणारे ॲक्रिलोनायट्राइलही घातक आहे. धुलाईच्या हौदातून निघालेली खळ अखेर सांडपाण्यातच जाते. ती जीवाणूंना पचते ही चांगली गोष्ट असली तरी पचताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते, आणि छपाईच्या लेपातील युरियाचा नायट्रोजन त्यात भर घालतो. जेतपूर, पाली, बालोतरा या छपाईच्या गावांतील नद्यांची अवस्था सर्वज्ञात आहे. केरोसीनच्या पायसाचा जुना थिकनर आगीच्या व प्रदूषणाच्या भयाने मागे पडला, आणि त्याची जागा घेणारे कृत्रिम पॉलिॲक्रिलेट जीवाणूंना सहजी पचत नाहीत; तेव्हा बियांच्या डिंकाचा पक्ष सबळ आहे, पण तो कमी खळीत काम भागवणे आणि कमी पाण्यात ती सुटणे या दोन कसोट्यांवर सिद्ध व्हावा लागतो.

किमतीचा प्रश्नही विसरता येत नाही. अमेरिकेत खडक फोडून तेल व वायू काढणाऱ्या कंपन्यांनी २०११-१२ मध्ये गवारीच्या डिंकाची एवढी मागणी केली की त्याचे भाव अनेक पटींनी चढले आणि मार्च २०१२ मध्ये भारतात गवारीच्या वायदे व्यवहारांना स्थगिती द्यावी लागली. ती मे २०१३ मध्ये उठली. बोरेटने गवारीच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन दाट जेल होते, हा त्या मागणीमागचा गुण होता. एकाच डिंकावर विसंबणे छपाई उद्योगाला किती महाग पडते हे त्या दोन वर्षांनी दाखवले, आणि टाकळा, सुबाभूळ, चिंचोका यांवरील संशोधनाला त्यातून आर्थिक आधारही मिळाला. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, वस्त्ररसायन हा विषय आरंभापासून शिकवला गेला. महाराष्ट्रात या अभ्यासाला लागणारी विद्येची पूर्वपीठिका आहे, कच्चा मालही आहे, आणि इचलकरंजीसारखे वस्त्रोद्योगाचे केंद्रही जवळ आहे.

पुढील प्रकरणांची मांडणी बियांपासून सुरू होऊन धुलाईपर्यंत जाते. आरंभी प्रत्येक डिंकाची रचना व शुद्धीकरण, मग रूपांतरणाच्या विक्रिया, त्यानंतर प्रवाहगुणांचे मापन आणि शेवटी विक्रियाशील, डिस्पर्स व रंगबंधकांच्या छपाईतील प्रत्यक्ष वापर असा क्रम ठेवला आहे. रसायनशास्त्राची पदवीपूर्व ओळख असलेल्या वाचकाला हे विवेचन पेलावे अशा बेताने संज्ञा जेथल्या तेथे उलगडल्या आहेत. श्यानतेचा प्रत्येक आकडा तापमान, तीव्रता आणि घर्षणाचा वेग यांच्यासह दिला आहे, कारण या तिन्हींवाचून तो आकडा कोणाच्याही उपयोगाचा नसतो. आणि रंगाच्या उठावाचे मापन नेहमी धुतलेल्या कापडावर, कापडात उरलेल्या खळीच्या वजनाशेजारी नोंदवले आहे.